ईस्टरचे पन्नास दिवस: पॅरिशमध्ये पास्काकाळ आणि दैवी दयेचा रविवार कसा साजरा करावा

ईस्टरच्या सोमवारी सकाळच्या मिस्सेला (प्रभुभोजनाच्या उपासनेला) मी एकदा माणसं मोजली होती. एकवीस, त्यात तीन सिस्टर्स. शनिवारी रात्री त्याच चर्चच्या आवारात जादा खुर्च्या मागवूनही लोक उभे होते. सोमवारी मात्र कॉयर झोपलेलं, माइक लावायला कुणी नाही, वेदीपुढचा निशिगंध आत्ताच माना टाकायला लागलेला. फादरनी एकट्यानेच ‘आलेलुया’ सुरू केलं आणि आम्ही एकवीस जणांनी ते कसंबसं ओढत शेवटाला नेलं.

चाळीस दिवसांचा उपवासकाळ आपण शिस्तीत पाळतो. दर शुक्रवारी क्रूसाची वाट, घरात मटण बंद, ऑफिसात केक आला तरी ‘नको’. आणि ज्याच्यासाठी हे सगळं, तो सण डुकराच्या मांसाचं सोरपोतेल आणि तळलेल्या गोल फुग्या यांच्या एका जेवणात आटोपतो! ख्रिस्तसभेच्या कॅलेंडरप्रमाणे पास्काकाळ ईस्टरच्या रविवारपासून पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणापर्यंत, ५० दिवसांचा असतो आणि हे ५० दिवस मिळून एकच मोठा रविवार समजायचा असतो. त्यातले पहिले आठ दिवस, म्हणजे ऑक्टेव्ह, प्रत्येकी ईस्टरच्याच मानाचे. आठवा दिवस दैवी दयेचा रविवार. मी बरीच वर्षं आमच्या पॅरिशच्या (एका चर्चच्या भाविकांच्या समुदायाच्या) लिटर्जी, म्हणजे उपासना, कमिटीत आहे; चुका करत जे शिकले ते इथे मांडते. मराठी मिस्सा होणाऱ्या मुंबईतल्या कुठल्याही पॅरिशला त्यातलं बरंचसं लागू पडावं.

तारखा अशा: २०२६ मध्ये ईस्टर ५ एप्रिल, दयेचा रविवार १२ एप्रिल, पेंटेकॉस्ट २४ मे. २०२७ मध्ये अनुक्रमे २८ मार्च, ४ एप्रिल आणि १६ मे.

आधी माणसं, मग कार्यक्रम

पास्काकाळाची बैठक उपवासकाळाच्या मध्यावर घ्या. पवित्र आठवड्यात ‘ईस्टरनंतरचं नंतर बघू’ म्हणालात, तर ते नंतर कधी येत नाही. बैठकीत पहिला प्रश्न कार्यक्रमाचा नको, सुट्टीचा विचारा: कोण कधी गावी जाणार? परीक्षा संपल्या की अर्धं कॉयर गोव्याला, मंगळूरला, नाहीतर वसईला मामाकडे. मे महिन्यात पाच गायक उरतात हे आधीच मान्य केलं, तर पाच जणांना झेपतील अशी गाणी निवडता येतात. चार आवाजांत बसवलेली गाणी पास्कारात्रीला, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या विधीला, म्हणून घ्या. पुढचे सात आठवडे एक पेटी किंवा गिटार, पुढे गाणारा एक खणखणीत आवाज आणि सगळ्यांना पाठ असलेली गाणी पुरतात.

दुसरी गोष्ट, दोन वेगळ्या टीम करा. ज्यांनी पवित्र गुरुवारपासून रविवारपर्यंत राबणूक केली त्यांना पुढच्या गुरुवारपर्यंत कसलंही काम सांगायचं नाही, अगदी चावी आणायलासुद्धा नाही. सोमवार ते बुधवार सांभाळायला पवित्र आठवड्यात हात रिकामे असलेली माणसं लागतात: निवृत्त काका, नाइट शिफ्टवाले, कॉलेजची मुलं. आमच्याकडे हे सुरू झाल्यापासून सोमवारी माइक लागतो. एवढ्याशा गोष्टीचंही मला कौतुक आहे.

तिसरी गोष्ट फुलांचा पैसा. दादरच्या फुलबाजारातून शनिवारी पहाटे आणलेला निशिगंध एप्रिलच्या उकाड्यात मंगळवारपर्यंत तपकिरी पडतो. फुलांचे सगळे पैसे एकाच रात्री उडवू नका. निम्मे पास्कारात्रीला वापरा. उरलेल्या निम्म्यातले काही बुधवारी आणि बाकीचे दयेच्या रविवारच्या आदल्या दिवशी. पांढरी शेवंती निशिगंधापेक्षा जास्त टिकते. लिली सुंदर दिसते, पण महाग. पास्काच्या मेणबत्तीपाशी दोन ठेवल्या की काम होतं. आणि कुंड्यांतली झाडं विसरू नका. ती ५० दिवस टिकतात आणि पेंटेकॉस्टनंतर गावठाणात कुणाच्याही ओट्यावर जातात.

मेणबत्ती आणि पंखा

पास्काकाळाची सगळ्यात ठळक खूण म्हणजे पास्काची मेणबत्ती. दरवर्षी नवी हवी, मेणाची हवी, एकच हवी. पास्कारात्री फादर तिच्यावर क्रूस, आल्फा, ओमेगा आणि त्या वर्षाचे आकडे कोरतात, पाच जखमांसाठी धूपाचे पाच दाणे खोचतात. तिथून पेंटेकॉस्टपर्यंत प्रत्येक मिस्सेला ती पेटलेली असायला हवी, सकाळची साडेसहाची वीस माणसांची मिस्सा असली तरी.

विकत घेताना आम्ही काही वर्षं फक्त उंची पाहिली. आता हिशेब करून घेतो. समजा तुमच्याकडे रोज दोन मिस्सा, प्रत्येकी पाऊण तास. पन्नासातले आठ रविवार वगळले तर ४२ दिवसांचे ६३ तास. रविवारी पाच मिस्सा, तासाभराची एक. आठ रविवारांचे ४० तास. म्हणजे शंभरेक तास ती जळणार. त्यानंतरही वर्षभर स्नानसंस्काराला (बाप्तिस्म्याला) आणि अंत्यविधीच्या मिस्सेला शवपेटीजवळ तिची गरज असते. तेव्हा दुकानदाराला ‘किती फूट’ विचारण्याऐवजी ‘किती तास’ विचारा.

आणि पंखा! एक वर्ष आम्ही मेणबत्तीचा स्टँड अगदी छताच्या पंख्याखाली ठेवला. वारा एका बाजूने लागायचा, ज्योत आडवी पडायची आणि मेण एकाच कडेने ओघळायचं. तिसऱ्या रविवारपर्यंत मेणबत्तीला कुबड आलं होतं. आल्फावरून मेण वाहून वर्षाचा पहिला आकडा बुजला. पंखा बंद केला तर फादर घामाघूम. उपाय साधा निघाला: स्टँड दीड-दोन फूट सरकवून वाचनपीठाजवळ नेला आणि मेणबत्तीच्या माथ्यावर पितळी टोपी बसवली. ही टोपी चर्चच्या सामानाच्या दुकानात मिळते, पण मेणबत्तीचा घेर मोजून घ्या. अर्ध्या इंचाचा फरकही चालत नाही. वात रोज थोडी कापा. हे काम वेदीसेवक मुलांना फार आवडतं. कात्री मात्र मोठ्यांच्या हातात राहू द्या.

पास्कारात्री आशीर्वादित केलेलं पाणीही असंच ५० दिवसांचं आहे. पास्काकाळातल्या रविवारी मिस्सेच्या सुरुवातीला पश्चात्तापविधीच्या जागी या पाण्याचं शिंपण करता येतं आणि करावंच असं मला वाटतं. स्नानसंस्काराची आठवण शब्दांपेक्षा चेहऱ्यावर उडालेल्या थेंबांनी जास्त होते. पाणी तांब्याच्या किंवा स्टीलच्या झाकणाच्या भांड्यात ठेवा. उघडं ठेवलंत तर मुंबईत आठवड्याभरात डासांच्या अळ्या होतात. आशीर्वादित पाण्यात सापडल्या म्हणून अळ्यांची तपासणी करणारा महापालिकेचा माणूस काही सोडत नाही.

आठ दिवस आणि नोव्हेना

ऑक्टेव्हचा आठवडा साधा असतो, फक्त सगळं ईस्टरसारखं असतं. रोज ‘ग्लोरिया’ हे गौरवगीत. शेवटच्या निरोपाला दोनदा आलेलुया. पांढरे झगे. पहिलं वाचन जुन्या करारातून नाही, प्रेषितांच्या कृत्यांमधून, आणि हा क्रम पुढे सगळा पास्काकाळ चालतो. वाचकांना आधी सांगा, नाहीतर कुणीतरी गेल्या आठवड्याचंच पान उघडतं. दुपारी बारा वाजता त्रिकाळ प्रार्थनेच्या जागी ‘रेजिना चेली’, म्हणजे ‘स्वर्गाच्या राणी, आनंद कर’, म्हणायची, उभं राहून. ही प्रार्थना छापून ऑफिसबाहेरच्या फळ्यावर लावा. या आठवड्यात शुक्रवारही सणाचाच दिवस असतो, म्हणून ज्या घरात शुक्रवारी मटण शिजत नाही तिथे त्या दिवशी शिजायला हरकत नाही. आमच्या एका मावशींना हे सांगितलं तर त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या, “फादर म्हणाले ना? नक्की?”

लग्नाचं कुणी विचारलं तर लक्षात ठेवा: ऑक्टेव्हमध्ये आणि पास्काकाळाच्या रविवारी लग्न असलं, तरी मिस्सा त्या दिवसाचीच होते, लग्नाची खास मिस्सा नाही. आणि पास्काकाळाच्या रविवारी अंत्यविधीची मिस्साही करता येत नाही. प्रार्थनाविधी होतो, मिस्सा दुसऱ्या दिवशी ठेवतात. दुःखाच्या घरात हे ऐनवेळी समजावणं जड जातं. ऑफिसात फोन घेणाऱ्या व्यक्तीला आधीच माहीत हवं.

दैवी दयेची नोव्हेना गुड फ्रायडेला सुरू होते आणि दयेच्या रविवारच्या आदल्या शनिवारी संपते. माहीमच्या सेंट मायकल चर्चच्या बुधवारच्या नोव्हेनेची आपल्याला एवढी सवय आहे, की नोव्हेना म्हटलं की नऊ बुधवार डोळ्यांसमोर येतात. ही तशी नाही. सलग नऊ दिवस, आणि प्रत्येक दिवशी वेगळ्या लोकांसाठी: पहिल्या दिवशी सगळी मानवजात, विशेषतः पापी, मग धर्मगुरू आणि व्रतस्थ, तिसऱ्या दिवशी भाविक, चौथ्या दिवशी देवाला न मानणारे आणि त्याला अजून न ओळखणारे, पाचव्या दिवशी ख्रिस्तसभेपासून दुरावलेले, सहाव्या दिवशी विनम्र माणसं आणि लहान मुलं, सातव्या दिवशी दयेची भक्ती करणारे, आठव्या दिवशी शुद्धीस्थानातले आत्मे, शेवटच्या दिवशी कोमट झालेले.

माझं मत असं की पहिल्या तीन दिवसांसाठी चर्चमध्ये वेगळा कार्यक्रम ठेवूच नये. गुड फ्रायडे, पवित्र शनिवार आणि ईस्टर यांचा स्वतःचा विधी इतका मोठा आहे, की त्याच्या शेजारी दुसरं काही उभं केलं की दोन्ही छोटं होतं. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी नोव्हेनेचं पत्रक वाटा, पहिले तीन दिवस घरी म्हणायला सांगा आणि सोमवारपासून संध्याकाळच्या मिस्सेआधी वीस मिनिटं एकत्र म्हणा. म्हणजे चौथा दिवस सोमवारी येतो. बुधवारी सहावा, मुलांचा. त्या संध्याकाळी मुलांकडूनच दयेची जपमाळ म्हणवून घ्या.  शुक्रवारी आठवा, मृतांसाठीचा. ज्यांना जमेल ते सकाळी शिवडीच्या किंवा आपापल्या दफनभूमीत जाऊन येतात.

ही जपमाळ नेहमीच्याच पाच दशकांच्या (दहा-दहा मण्यांच्या गटांच्या) माळेवर म्हणायची, वेगळी माळ लागत नाही. सुरुवातीला ‘आमच्या स्वर्गीय बापा’, ‘नमो मरिया’ आणि श्रद्धेची घोषणा. प्रत्येक मोठ्या मण्यावर आपल्या आणि साऱ्या जगाच्या पापांच्या क्षमेसाठी ख्रिस्ताचं शरीर, रक्त, आत्मा आणि देवत्व पित्याला अर्पण करायचं. दहा लहान मण्यांवर ‘त्याच्या दुःखसहनाखातर आमच्यावर आणि साऱ्या जगावर दया कर’ या अर्थाची ओळ. पाच दशकं झाली की ‘पवित्र देवा, पवित्र सामर्थ्यवंता, पवित्र अमर देवा’ तीनदा. म्हणून संपायला साताठ मिनिटं, गाऊन वीसेक. एकाच छापील पत्रकावरून म्हणा. प्रत्येकाच्या घरातल्या पुस्तकात शब्द थोडे वेगळे असतात आणि तिसऱ्या मण्यापासून अर्धं चर्च पुढे, अर्धं मागे होतं.

चित्र कुठे, कसं

या भक्तीचा उगम पोलंडमधला. संत फॉस्टिना कोवाल्स्का ही सिस्टर २२ फेब्रुवारी १९३१ रोजी प्वोत्स्क शहरात तिला झालेल्या दर्शनाबद्दल लिहिते: पांढऱ्या झग्यातला येशू, आशीर्वादासाठी वर केलेला एक हात, दुसरा हात छातीशी, आणि तिथून निघणारे दोन किरण, एक लाल, एक फिकट. लाल म्हणजे रक्त, फिकट म्हणजे पाणी. खाली लिहिलेलं: ‘येशू, माझा तुझ्यावर भरवसा आहे’. या दर्शनाचं पहिलं चित्र १९३४ मध्ये विल्नियसमध्ये एका चित्रकाराकडून काढून घेतलं. जपमाळ तिला सप्टेंबर १९३५ मध्ये मिळाली. ५ ऑक्टोबर १९३८ रोजी, वयाच्या ३३ व्या वर्षी, ती वारली. १९५९ मध्ये व्हॅटिकनने या भक्तीच्या प्रसारावर बंदी घातली आणि १९७८ मध्ये ती उठवली. हे मी मुद्दाम सांगते, कारण आज घराघरात दिसणाऱ्या त्या चित्राला जवळजवळ वीस वर्षं थांबावं लागलं होतं. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ३० एप्रिल २००० रोजी फॉस्टिनाला संत घोषित केलं आणि त्याच दिवशी ईस्टरनंतरचा रविवार दैवी दयेचा म्हणून जाहीर केला. ते स्वतः २ एप्रिल २००५ रोजी, याच सणाच्या आदल्या रात्री गेले.

चित्र लावायची जागा ठरवताना एवढंच पाहा, की ते वेदीच्या क्रूसाला झाकणार नाही. आम्ही ते पास्काच्या मेणबत्तीशेजारी, बाजूच्या स्टँडवर ठेवतो. दोघं शेजारी असले की बोलायला न लागता कळतं: पुनरुत्थित येशू आणि दयेचा येशू एकच. त्या दिवसाचं शुभवर्तमानही तिन्ही वर्षांच्या चक्रात तेच असतं, योहानाच्या २० व्या अध्यायातलं: बंद दारं, ‘तुम्हांस शांती असो’, पापक्षमेचा अधिकार, आणि आठ दिवसांनी आलेला थोमा. हाताला आणि कुशीला जखमा तशाच. वेगळा ‘दयेचा’ विषय ओढूनताणून आणायची गरजच नाही.

आता आमची फजिती. एका वर्षी मोठं फ्लेक्स करायचं ठरलं. एका दुकानात फोटो दिला, मजकूर व्हॉट्सअॅपवर पाठवला, शनिवारी रात्री गुंडाळी आली आणि आम्ही ती अंधारातच गेटवर बांधली. रविवारी सकाळी काठी टेकत आलेल्या एका म्हाताऱ्या बायने थांबून वर पाहिलं आणि म्हणाली, “हा येशू डावरा कधी झाला?” फोटो उलटा छापला गेला होता. आशीर्वाद डाव्या हाताने, लाल किरण फिकटाच्या जागी. वर ‘पुनरुत्थित’मधली जोडाक्षरं फुटून पाय मोडलेली अक्षरं रांगेत उभी होती, आणि प्रत्येक पहिली वेलांटी एक घर पुढे सरकलेली.

तेव्हा फ्लेक्स करणार असाल तर हे तपासा. चित्राकडे पाहताना आशीर्वादाचा हात तुमच्या डाव्या बाजूला दिसला पाहिजे. फिकट किरण तुमच्या डावीकडे, लाल उजवीकडे. मराठी मजकूर टाइप करून पाठवू नका, चित्र किंवा पीडीएफ करून पाठवा, म्हणजे दुकानातल्या जुन्या फाँटमध्ये तो फुटत नाही. छापण्याआधी नमुना मागवा आणि तो कॉलेजच्या मुलाला दाखवण्याआधी एखाद्या आजीला दाखवा. आणि फ्लेक्सवर तारीख घालू नका, पुढच्या वर्षी तेच चालतं.

दयेचा रविवार, तासातासाने

लोकांचा पहिला गैरसमज असा, की दुपारी तीनच्या कार्यक्रमाला आलं नाही तर सगळं वाया. तसं नाही. २९ जून २००२ च्या व्हॅटिकनच्या आदेशानुसार पूर्ण इंडल्जन्स (पापाबद्दलच्या शिक्षेची पूर्ण माफी) मिळवायची तर नेहमीच्या अटी पाळायच्या: कुमसार (फादरांपुढे पापांची कबुली), कम्युनियन (मिस्सेतली पवित्र भाकरी घेणं) आणि पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना, आणि मन पापाच्या ओढीपासून सुटलेलं. त्यासोबत त्या दिवशी चर्चमध्ये दयेच्या प्रार्थनेत भाग घ्यायचा, किंवा पवित्र साक्रामेंतासमोर (चर्चमध्ये जपून ठेवलेल्या पवित्र भाकरीसमोर) ‘आमच्या स्वर्गीय बापा’ आणि श्रद्धेची घोषणा म्हणून दयाळू येशूकडे एक छोटी प्रार्थना करायची. सकाळी सातच्या मराठी मिस्सेनंतर पाच मिनिटं थांबलात तरी होतं. ‘येशू, माझा तुझ्यावर भरवसा आहे’ एवढी प्रार्थनाही चालते. आजारी, आणि कामामुळे घराबाहेर किंवा समुद्रावर असलेले यांचीही त्या आदेशात सोय आहे. जमेल तेव्हा अटी पूर्ण करायच्या मनाने तीच प्रार्थना जिथे असतील तिथे करावी. आमच्या गावठाणात जहाजावर जाणारे बरेच आहेत. दर वर्षी हे मुद्दाम मिस्सेत सांगावं लागतं.

कुमसाराबद्दलही सांगा. तो त्याच दिवशी केला पाहिजे असं नाही, सुमारे वीस दिवस आधी किंवा नंतर चालतो. पवित्र आठवड्यात केलेला आणि त्यानंतर गंभीर पाप नसेल, तर रविवारी पुन्हा रांगेत उभं राहायची गरज नाही. हे जाहीर केलं नाही, तर रांग गेटपर्यंत जाते आणि ज्याला खरंच वर्षांनंतर यायचं आहे, तो ती रांग बघून परत फिरतो. अशा माणसासाठी ऑक्टेव्हमधले दोन-तीन संध्याकाळचे तास ठेवा, डीनरीतल्या (शेजारच्या पॅरिशांच्या गटातल्या) एखाद्या बाहेरच्या फादरना बोलवा. ओळखीच्या फादरपेक्षा अनोळखी फादरकडे जायला लोक धजतात.

दुपारच्या कार्यक्रमाचा आमचा बसलेला साचा असा: दोन वाजता चर्च उघडायचं, दोन फादर कुमसाराला. अडीचला साक्रामेंत वेदीवर, शांत आराधना. बरोबर तीनला घंटा, मग जपमाळ गाऊन. मग एक वाचन, दहा मिनिटांचं प्रवचन, आशीर्वाद आणि साक्रामेंत परत टॅबरनॅकलमध्ये, म्हणजे ते ठेवायच्या छोट्या कपाटात. चारला मिस्सा. जपमाळ मिस्सेत घुसवायची नाही आणि मिस्सा चालू असताना आराधनेसाठी साक्रामेंत बाहेर ठेवायचं नाही. हे दोन नियम पाळले की बाकी जमून येतं.

मुंबईचं म्हणून दोन गोष्टी. रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असतो आणि पश्चिमेला कधीकधी जंबो ब्लॉक. तो नेमका दुपारच्या वेळेत येतो. शनिवारी वेळापत्रक बघून बाहेरच्या फादरना आणि वक्त्याला कळवा. आमचे एक वक्ते एकदा तासभर दोन स्टेशनांच्या मधे अडकले होते आणि त्या वेळात आम्ही दुसरी जपमाळ म्हटली. दुसरी, उन्हाची. तीन वाजता मिरवणूक काढू नका, काढायचीच तर मिस्सेनंतर सहाला. प्यायच्या पाण्याचा ड्रम सावलीत ठेवा आणि म्हाताऱ्यांना पंख्याखालचे बाक आधीच राखून ठेवा.

भाषेवरून दरवर्षी वाद होतो, तर माझं मत सांगूनच टाकते. एका दशकात इंग्रजी, दुसऱ्यात कोंकणी, तिसऱ्यात मराठी असं केलं की सगळ्यांना मान मिळतो आणि कुणालाच लय सापडत नाही. दशकं एका भाषेत म्हणा, गाणी आणि विनंत्या वाटून घ्या.

वरच्या मजल्यावरची मावशी

दयेच्या सणाचं चित्र गेटवर आणि दया घराघरात, असं मला वाटतं. ज्यांना चर्चपर्यंत येता येत नाही त्यांच्याकडे कम्युनियन घेऊन जाणं हे पास्काकाळातलं सगळ्यात मोठं काम आहे आणि पन्नास दिवस असल्यामुळे ते जमतंही.

यादी करा. विभागप्रमुखांकडून नावं घ्या, गरिबांना मदत करणाऱ्या व्हिन्सेंट डी पॉल संस्थेच्या लोकांकडून घ्या, आणि औषधाच्या दुकानदाराला विचारायला लाजू नका. कोण घराबाहेर पडत नाही हे त्याला सगळ्यांत आधी कळतं. प्रत्येक नावापुढे मजला, लिफ्ट आहे का, बाई कधी येते, डायलिसिसचे वार कोणते, कुत्रा आहे का, एवढं लिहा. कम्युनियन नेणाऱ्या एका मिनिस्टरला एका फेरीत तीन घरं पुरे. चार झाली की चौथ्या घरात घड्याळाकडे लक्ष जातं.

आदल्या दिवशी फोन करून सांगा: छोटं टेबल, त्यावर पांढरं कापड, क्रूस, एक मेणबत्ती, पेलाभर पाणी. टीव्ही बंद, मिक्सर बंद. गिळायला त्रास असेल तर होस्तियेचा (पवित्र भाकरीचा) लहान तुकडा पाण्याबरोबर द्या. पिक्स (होस्तिया ठेवायची छोटी डबी) गळ्यात असताना वाटेत कुणाशी गप्पा नाहीत, चहा नाही. चहा शेवटच्या घरात, कम्युनियन झाल्यावर. जाताना पास्कारात्रीचं पाणी छोट्या बाटलीत आणि दयेच्या येशूचं खिशात मावेल एवढं चित्र द्या.

दोन वर्षांपूर्वी मी एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर गेले होते. पास्काकाळाचा पाचवा आठवडा. मावशीचे गुडघे गेलेले, जिना उतरून तीन वर्षं झालेली. टेबलावर तिने क्रूसाशेजारी मेणबत्तीचा एक बोटभर तुकडा ठेवला होता, कागदी कपासकट. पास्कारात्री हातात धरतो ना, तसा. शेवटची पास्कारात्र केली तेव्हाचा, म्हणाली. तोच पेटवला. प्रार्थना झाल्यावर मी म्हटलं, “मावशी, हॅपी ईस्टर.”

“ईस्टर कधीच होऊन गेला की गं.”

“नाही, अजून दोन आठवडे आहेत.”

ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग सुनेला हाक मारली, “फुग्या तळायला घे.” मी थांबले. त्या दिवशी पुढे घर नव्हतं.

उरलेले आठवडे

चौथा रविवार उत्तम मेंढपाळाचा, धर्मगुरू आणि सिस्टर होण्याच्या पाचारणासाठी प्रार्थनेचा. सेमिनरीतला एखादा मुलगा बोलवा, त्याला पाच मिनिटं बोलू द्या. प्रवचनापेक्षा ते जास्त लक्षात राहतं.

मे महिना आपल्या गावठाणांचा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आलेल्या प्लेगच्या काळात उभे राहिलेले कितीतरी क्रूस आजही गल्लीच्या तोंडावर आहेत. मे महिन्यात त्यांना माळा घालून, दिवे लावून लादीन (गाऊन म्हणायची सामूहिक प्रार्थना) म्हटली जाते आणि नंतर उकडलेले चणे वाटतात. यात आणखी काही घालायची गरज नाही, फक्त शेवटी ‘रेजिना चेली’ म्हणा आणि एखाद्या गल्लीतल्या आजारी माणसाची खुर्ची दारात आणून ठेवा. गल्ली ज्याच्या दाराशी आली त्याला चर्चला जायची गरज उरत नाही. रस्त्यावर माइक लावणार असाल तर पोलिसांची परवानगी आधी घ्या आणि रात्री दहाच्या आत आटपा.

येशूच्या स्वर्गारोहणाचा सण आपल्याकडे पेंटेकॉस्टच्या आधीच्या रविवारी येतो. त्याच्या दोन दिवस आधीच्या शुक्रवारपासून पेंटेकॉस्टच्या आदल्या शनिवारपर्यंत नऊ दिवस पवित्र आत्म्याची प्रार्थना करण्याची जुनी प्रथा आहे. दयेच्या नोव्हेनेला जमलेलेच लोक इथे पुन्हा बोलवा, पत्रक वेगळं असलं तरी वेळ तीच ठेवा.

पेंटेकॉस्टला लाल झगे, लाल फुलं; या वेळेपर्यंत पांढरी तशीही सुकलेली असतात. शेवटच्या मिस्सेनंतर पास्काची मेणबत्ती विझवून स्नानकुंडाजवळ नेऊन ठेवा. आम्ही तेव्हा सॅक्रिस्टीतली (चर्चमधल्या तयारीच्या खोलीतली) वही काढतो आणि लगेच लिहितो, कारण पाऊस सुरू झाला की सगळं विसरायला होतं. मागच्या वेळचं पान असं आहे: मेणबत्ती चौदा इंच उरली. पितळी टोपी कपाटात, दुसरा खण. शेवंती जास्त घ्यावी. फ्लेक्स ठीक, दोरी नवी हवी. सोमवारी ४७ जण. चाळीतल्या मावशी: तिसरा मजला, लिफ्ट नाही, साडेपाचनंतर जावे, पास्कारात्रीची नवी मेणबत्ती न्यावी.